सोळा किलोंची जप्ती

वीस किलोचं वजन जमिनीवरून उचलून तराजूत ठेवायला माणसाला वेळ तो किती लागावा? शिक्केकाका गेली अठ्ठावीस वर्षं हे काम एका दमात करत आले होते. ते वजनमापे खात्याचे निरीक्षक. दुकानोदुकानी फिरायचं, खात्याची प्रमाणित वजनं तराजूत टाकून काटा खरं बोलतो की थापा मारतो ते पाहायचं, आणि खरं बोलत असेल तर शिक्का मारायचा. त्या शिक्क्यावरूनच त्यांना हे नाव पडलं होतं. खरं नाव फक्त पगारपत्रकात उरलं होतं आणि तिथे ते सुखात होतं.

तर त्या मंगळवारी धान्यबाजारातल्या सगळ्यात मोठ्या दुकानात काका वजन उचलायला वाकले आणि वाकलेलेच राहिले. वजन वीतभर उठलं, त्याने एकदा काकांच्या चेहऱ्याकडे पाहिलं असावं, आणि विचार बदलून ते पुन्हा खाली बसलं. काकांनी घसा साफ केला. वजनाचा शिक्का तपासायला मुद्दामच वाकलो होतो असा चेहरा केला. दुसऱ्यांदाही तसंच झालं. तेवढ्यात दुकानाचा शेठ गल्ल्यावरून उठला, फोनवर बोलता बोलताच त्याने एका हाताने ते वजन उचलून तराजूत ठेवलं आणि म्हणाला, "असू द्या साहेब. वय झालं की होतं असं. बसा, पाणी घ्या."

शेठ मनाचा वाईट नव्हता. पण ज्याचा काटा तपासायचा त्यानेच तपासणाऱ्याला पाणी पाजावं, आणि तेही दहा गिऱ्हाइकांच्या देखत, हे काकांच्या जिव्हारी लागलं. त्यातही 'वय झालं' त्यांनी गिळलं असतं. 'बसा' काही गिळता येईना.

कारण बसण्याशी काकांचं जन्माचं वाकडं होतं. ते पेपर चालत चालत वाचत, त्यामुळे घरात कुठल्या खोलीत कुठली बातमी वाचली हे त्यांना पाठ असे. न्हाव्याच्या खुर्चीत ते इतक्यांदा वळत की त्यांचा डावा कल्ला उजव्यापेक्षा कायम वर राही. काकू म्हणत, "यांना जेवायला वाढायचं म्हणजे ताट घेऊन मागे पळायचं." अशा माणसाला देवाने फिरतीची नोकरी दिली होती आणि त्या एका गोष्टीसाठी काका देवाचे सगळे अपराध माफ करायला तयार होते.

दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं, त्याच आठवड्यात परिपत्रक आलं. फिरतीवरच्या पन्नाशीपुढच्या कर्मचाऱ्यांची शारीरिक क्षमता चाचणी. वीस किलोचं वजन जमिनीवरून टेबलावर, ओळीने दहा वेळा. महिन्याभराने. जो नापास होईल त्याची बदली तळघरातल्या अभिलेख कक्षात.

"तुमच्यासाठी आत्ताच जागा करून ठेवलीय," हेडक्लार्क बाई म्हणाल्या. बाई गेली तीस वर्षं एकाच खुर्चीत होत्या आणि जगाने त्यांचं अनुकरण करावं असं त्यांना मनापासून वाटे. "खिडकी नाहीये, पण पंखा आहे. खुर्ची एकदम बसकी. एकदा बसलं की उठावंसं वाटत नाही."

काका घरी आले ते सरळ आत-बाहेर फेऱ्या मारायला लागले. सहा वर्षं नोकरी उरली होती. सहा वर्षं तळघरात, बसून! काकांना खरोखरच भीती वाटली. इतकी की ते क्षणभर खुर्चीत टेकले, आणि ते पाहून काकूंनी थर्मामीटर आणला.

बातमी जिन्याने खाली जायला कितीसा वेळ लागतो? खालच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर संध्याकाळी सल्ला घेऊन हजर झाले. "वजन उचलताना श्वास धरायचा, शिक्केसाहेब." समोरच्या भूगोलाच्या बाई दारातून म्हणाल्या, "छे छे, सोडायचा." दोघांचा वाद अर्धा तास चालला, आणि तेवढा वेळ काका एकदा धरून, एकदा सोडून बघत राहिले. शेवटी त्यांना चक्कर आली. यावर मात्र दोघांचं एकमत झालं की यांना जमायचं नाही.

मग काकूंनी आपल्या भाच्याला बोलावलं. भाच्याची व्यायामशाळा होती. तो आला तो हातात एक काळं, गोल, वर कडी असलेलं लोखंडी प्रकरण घेऊन. नळी नसलेली किटलीच म्हणा ना. पोटावर पांढऱ्या रंगात १६ लिहिलेलं.

"केटलबेल," भाचा म्हणाला. "दोन्ही हातांनी धरायची, पायांमधून मागे न्यायची आणि कंबरेच्या जोरावर पुढे झोकायची. महिन्यात वीस किलो खेळण्यासारखं उचलाल काका."

"वजन झोकायचं?" काकांचा आवाज चढला. "अरे, वजन ही ठेवायची वस्तू आहे. अलगद. उद्या म्हणशील, शिक्का हवेत उडवून झेला!"

"अहो काका, ही मुळात वजनच आहे. रशियाच्या बाजारातलं. तीनशे वर्षांपूर्वी तिकडे धान्य तोलायला असली वजनं असायची. पूद नावाचं त्यांचं माप होतं. काम संपलं की शेतकरी, हमाल गंमत म्हणून तीच उचलायचे. कोण जास्त वेळा डोक्यावर नेतो, याच्या पैजा लागायच्या. मग जत्रेत पैलवान खेळ करायला लागले. पुढे तिथल्या एका डॉक्टराने ती व्यायामशाळेत आणली, तिथून पलटणीत गेली. बाकीचं जग मात्र मोठमोठ्या यंत्रांच्या नादी लागलं, त्यांना हिची गंधवार्ताच नव्हती. आता गेल्या वीस-पंचवीस वर्षांत सगळीकडे हिचीच चलती आहे. माझ्याकडे या बॅचला जागा नाही, मावशीला विचारा."

काका फेऱ्या मारायचे थांबले. "पूद म्हणजे किती?"

"सोळा किलोच्या जरासं वर."

"जरासं म्हणजे?"

भाच्याने फोनमध्ये पाहिलं. "तीनशे ऐंशी ग्रॅम."

"याला जरासं म्हणतोस? एवढ्या फरकावर आम्ही दुकानदारावर खटला भरतो!" काका कडाडले खरे, पण त्यांचे डोळे त्या काळ्या गोळ्यावरून हलेनात. बाजारात अब्रूने धान्य तोलणारी वस्तू, आणि आज पोरं तिला झोके देताहेत. ही तर आपल्याच खात्यातली. चांगल्या घरातली, दिवस फिरलेली. काकांना तिच्याबद्दल एकदम माया वाटली.

"बाजारातलं घरात आणलंय," काकू म्हणाल्या, "आता घरातलं बाजारात न्यायला लागू नये म्हणजे झालं."

काकांनी कडी धरली, केटलबेल उचलली, आणि भाचा "वा!" म्हणायच्या आत पुन्हा खाली ठेवली. "ही सोळा नाही."

"अहो, लिहिलंय की वर."

"लिहिलंय म्हणूनच तर म्हणतो!"

इथे एक सांगायला हवं. काकांचा हात म्हणजे काटा होता. लग्न ठरल्यावर सासूबाईंची बॅग स्टेशनवरून उचलताना ते पहिलं वाक्य बोलले होते, "नऊ किलो चारशे." सासूबाई ते शेवटपर्यंत विसरल्या नाहीत. आता त्या हाताने सांगितलं होतं की ही केटलबेल अर्धा किलोहून जास्त खोटं बोलते, आणि मग काकांच्या घशाखाली घास उतरेना.

"अहो, व्यायामाला सोळा काय आणि साडेपंधरा काय?" काकू म्हणाल्या. "चाचणीला सव्वीस दिवस राहिले. झोका ना ती!"

"अगं, खोट्या वजनाने कमावलेली ताकद खोटीच असणार. शिवाय उद्या कोणी हिने धान्य तोललं तर?"

"कोण तोलणार?"

"रशियात तोललं होतं!"

तिसऱ्या दिवशी सकाळी काका केटलबेल पिशवीत घालून ऑफिसात घेऊन गेले. कार्यालयाचा अचूक काटा चौथ्या मजल्यावर होता. लिफ्टची वजनक्षमता तपासायची राहिल्यामुळे लिफ्ट बंद होती, आणि ती तपासणी काकांच्याच खात्याकडे पडून होती. काका धापा टाकत वर पोचले, केटलबेल काट्यावर ठेवली. पंधरा किलो चारशे वीस. पाचशे ऐंशीची तूट! काकांना विजयाचं भरतं आलं आणि ते जरा मोठ्याने "सापडली!" म्हणाले.

इथेच ते फसले. हेडक्लार्क बाईंनी चष्मा वर केला. "काय सापडलं? आकडा घातलेलं, बिनशिक्क्याचं, कमी भरणारं वजन कार्यालयाच्या आवारात? नोंद करावी लागेल. कोणाच्या ताब्यात मिळालं?"

"माझ्या," काका म्हणाले. दुसरं काय म्हणणार? 'असे वजन कोणाच्याही ताब्यात आढळल्यास, तो कितीही ओळखीचा असो, जप्ती करावी' हा नियम सहा वर्षांपूर्वी काकांनीच मसुदा करून दिला होता. 'कितीही ओळखीचा असो' हे शब्द तर त्यांनी भांडून घालून घेतले होते.

पंचनामा झाला. पंच म्हणून पोस्टमास्तरांना बोलावणं गेलं आणि ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. 'वस्तूचे वर्णन' या रकान्यात अर्धा तास गेला. शेवटी बाईंनी लिहिलं, 'काळी किटली, नळी नाही, आत चहा नाही.' कडीला तार बांधून वर लाखेची मोहोर लागली. गोदाम भरलेलं असल्यामुळे मुद्देमाल काकांच्याच स्वाधीन झाला आणि त्यांच्याकडून लिहून घेतलं गेलं: मी ही वस्तू वापरणार नाही, हलवणार नाही, व दर तारखेला कार्यालयात हजर करीन.

"हलवायची नाही तर हजर कशी करू?" काकांनी विचारलं.

"ते तुम्ही बघा," बाई म्हणाल्या. "सोमवार, बुधवार, शुक्रवार. साहेब निर्णय देईपर्यंत."

आणि साहेब दौऱ्यावर होते. दौऱ्यावर नसले की मीटिंगमध्ये असत, मीटिंगमध्ये नसले की फाइल जाग्यावर नसे. पहिल्या सोमवारी काका बसमध्ये चढले तर कंडक्टरने लाखेची मोहोर पाहून त्यांना खाली उतरवलं. म्हणाला, सरकारी सील असलेला लोखंडी गोळा मी गाडीत घेणार नाही, आधी तो कशाचा ते लिहून आणा. काकांनी पंचनामा दाखवला. 'आत चहा नाही' वाचल्यावर तर त्याचा संशय बळावलाच. तेव्हापासून काका पायी जाऊ लागले. घर ते ऑफिस दोन किलोमीटर तीनशे मीटर, वर चार मजले, आणि परत.

पंच या नात्याने पोस्टमास्तर सोबत येत. ते रिकाम्या हाताने चालत आणि भरल्या तोंडाने बोलत. "शंभर पावलं उजव्या हातात, शंभर डाव्या. आमच्या पोस्टमनचा हाच नेम होता. पाठ ताठ! जिना चढताना दोन्ही हातांनी छातीशी धरा. आणि दुकानांसमोरून जाताना हसतमुख राहा, लोकांना वाटतं तुम्हालाच पकडलंय." आणि खरोखरच वाटत होतं. ज्या रस्त्यावरच्या काट्यांना काकांनी शिक्के मारले त्याच रस्त्याने ते जप्तीचा माल हातात घेऊन चालले होते, आणि धान्यवाला शेठ दारात उभा राहून विचारत होता, "साहेब, जड आहे का? बसता का जरा?"

एका बुधवारी तर कहरच झाला. फाइल तळघरात गेल्याचं कळलं. मुद्देमाल सोडून जाता येत नाही म्हणून काका केटलबेल घेऊन चौथ्या मजल्यावरून तळघरात, तिथे फाइल वर पाठवल्याचं कळल्यावर पुन्हा चौथ्या मजल्यावर, असे तीनदा गेले. तळघरात त्यांना ती बसकी खुर्ची दिसली. वर पंखा मंद फिरत होता. काकांनी तिच्याकडे पाठ केली, तरी ती मागे उभी असल्यासारखं त्यांना वाटत राहिलं.

व्यायाम मात्र शून्य. भाचा रोज फोन करायचा, "आज किती झोके, काका?" काका म्हणायचे, "एकही नाही. लिहून दिलंय मी." चाचणीला आठ दिवस राहिले, चार राहिले, उद्यावर आली. केटलबेल कोपऱ्यात लाखेची टिकली लावून बसलेली, आणि काका तिच्याभोवती फिरत होते. "संपलं," ते काकूंना म्हणाले. "महिना फुकट गेला. आता सहा वर्षं ती खुर्ची." काकूंनी काकांचा नेहमीचा सदरा दंडाला घट्ट व्हायला लागलाय एवढं दाखवून दिलं. तो आटला असेल, असं काकांचं मत पडलं.

चाचणीला साहेब प्रत्यक्ष हजर होते. सकाळपासून आठ जण पास होऊन चहा पीत उभे होते. काका नववे. समोर वीस किलोचं वजन, त्यामागे टेबल, आणि टेबलामागे हेडक्लार्क बाई, हातात बदलीच्या हुकमाचा कोरा कागद.

काकांनी डोळे मिटले आणि सगळा जीव एकवटून वजन खेचलं. ते इतक्या जोरात वर आलं की साहेब खुर्चीसकट मागे सरकले. काकांनी डोळे उघडले. वजन टेबलावर होतं. त्यांचा विश्वास बसेना. दोन, तीन, चार. सातव्याला त्यांना मजा वाटायला लागली. दहाव्याला टाळ्या पडल्या. दारात उभे असलेले पोस्टमास्तर "टपाल खात्याची शिकवण!" असं ओरडले.

काका हसत नव्हते. त्यांचा हात वजनावर तसाच होता. पहिल्याच खेपेला हाताने त्यांच्याशी काहीतरी कुजबुज केली होती आणि दहा खेपांनंतर तो सरळ बोलायला लागला होता. गप्प बस, काकांनी त्याला मनातल्या मनात दटावलं. पास झालोय मी. त्यांना ती खुर्ची दिसली, तो पंखा दिसला. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना वाटलं की एवढासा फरक कोणाला कळणार आहे? आणि असं म्हणणाऱ्या शेकडो दुकानदारांचे चेहरे डोळ्यांपुढे आल्यावर त्यांना स्वतःची लाज वाटली.

"साहेब," ते म्हणाले, "हे वीस नाही."

"म्हणजे?"

"कमी आहे. साडेतीनशे ग्रॅम."

आठ जणांचे चहाचे कप जागच्या जागी थांबले. वजन उलटं केलं. तळाच्या भोकात जिथे शिशाचं बूच असतं आणि त्या शिशावर शिक्का असतो, तिथे नुसतंच भोक होतं. काट्यावर ठेवलं. एकोणीस किलो सहाशे साठ.

"तीनशे चाळीस," काका पुटपुटले. दहा ग्रॅमनी चुकल्याचं दुःख त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

"अहो, पण तुम्ही पास झाला होतात!" आठातला एक जण कळवळून म्हणाला.

"कोणीच झालं नाही," काका म्हणाले. "चाचणी रद्द. खरं वजन आणा."

खरं वजन आलं, काट्यावर चढून वीस भरलं. काका पुन्हा वाकले. एक, दोन, तीन सरळ गेले. सहाव्याला गुडघे बोलायला लागले, आठव्याला पाठ. नववं टेबलाच्या कडेवर घासत गेलं. दहाव्यासाठी काकांनी खेचलं, पुन्हा खेचलं, वजन वीतभर उठलं, आणि तसंच सावकाश खाली बसलं.

काका सरळ उभे राहिले. "नऊ. लिहा बाई, नऊ."

हेडक्लार्क बाईंनी पेन उचललं, खाली ठेवलं, आणि तीस वर्षांत पहिल्यांदाच त्या खुर्चीतून उठल्या. "साहेब, आधीचे दहा आणि आत्ताचे नऊ, एकोणीस झाले. बाकीच्यांचे दहाच आहेत. तेही हलके."

साहेबांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. "यांना तळघरात पाठवू म्हणता? बाई, तिथे आपली पन्नास वर्षांची जुनी वजनं पडली आहेत. हे आठवड्यात सगळी हाताळतील आणि महिन्यात अख्खं खातं जप्त करतील!" मग ते काकांकडे वळले आणि हात जोडले. "जा हो, बाहेर जा. फिरतीवरच राहा. रोज फिरा. कृपा करून या इमारतीत थांबू नका."

काकांना हा सन्मान समजावा की अपमान, ते कळेना. रडू मात्र आलं, ते त्यांनी जिन्यात आवरलं.

केटलबेलचा निकालही त्याच झटक्यात लागला: 'व्यायामाचे साहित्य, खात्याच्या कक्षेबाहेर.' मोहोर तोडण्यात आली. काका ती घरी न नेता थेट लोहाराकडे घेऊन गेले, तळाला भोक पाडून शिसं ओतून घेतलं आणि बरोब्बर सोळा करूनच घरी आणली.

काकूंनी सहज म्हणून कडी धरून ती उचलली आणि तोंड वाकडं केलं. "जड केलीत की. मला आधीचीच बरी होती."

काका बघतच राहिले. "आधीची? अगं, जप्तीतल्या मालाला हात लावलास तू?"

"मंगळवार, गुरुवार, शनिवार. वीस-वीस झोके. भाच्याने शिकवलं फोनवर." काकूंनी ती पायांमधून मागे नेली आणि सुरेख झोकली. "लिहून तुम्ही दिलं होतं, मी कुठे दिलं होतं?"

पुढच्या मंगळवारी काका धान्यबाजारात त्याच दुकानात गेले. शेठने त्यांना पाहिलं, फोन खांद्याने धरला आणि वजन उचलायला पुढे झाला. काकांनी हाताने त्याला थांबवलं. वाकले, वीस किलो उचललं, तराजूत अलगद ठेवलं. काटा बरोबर होता. काकांनी शिक्का मारला.

शेठने फोन ठेवला. आत गेला आणि पाण्याचा पेला घेऊन आला. या खेपेला 'बसा' मात्र म्हणाला नाही.

काकांनी पेला घेतला आणि उभ्याउभ्याच सगळं पाणी पिऊन टाकलं.